आधी गाऱ्हाणे, मग भरवसा

परदेशात नोकरी गेलेली, व्हिसाची मुदत संपत आलेली, तरी घरून फोन आला की आपण "प्रभूच्या कृपेने सगळं बरं आहे" म्हणून मोकळे होतो. कौटुंबिक उपासनेतही तेच. दार लावून आईबाबा कुजबुजतात आणि प्रार्थनेत नुसते आभार मानतात. मुलांना दोन्ही ऐकू येते. खरी अडचण देवापुढे काढायची नसते, एवढेच ती त्यातून शिकतात.

बायबलमधल्या स्तोत्रकर्त्यांनी असा आडपडदा ठेवला नाही. स्तोत्र 13 घ्या, अवघी सहा वचने. पहिल्या दोन वचनांत देवाला चार वेळा "कोठवर?" असे विचारले आहे. ती वाचून थांबा आणि घरातल्या प्रत्येकाला आपापले "कोठवर?" एका वाक्यात बोलू द्या, मुले ज्या भाषेत विचार करतात त्याच भाषेत. मोठ्यांनीही खरे बोलावे: "काम मिळत नाही, मला भीती वाटते." शिल्लक किती उरली हे लहान मुलांना सांगायची गरज नाही. कुणाचे वाक्य दुरुस्त करू नका.

मग वचने 3 आणि 4, म्हणजे मागणे. "सगळं नीट कर" यापेक्षा "शुक्रवारच्या मुलाखतीत बाबांना शांतपणे बोलता येऊ दे" असे नेमके मागा. शेवटी 5 आणि 6 वाचून, देवाने पूर्वी सांभाळल्याची एक तरी आठवण सांगा. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटांत हे होते.

बिघडते ते घाईने. तक्रार ऐकवत नाही म्हणून आपण थेट पाचव्या वचनावर उडी मारतो आणि भरवसा पाठ केल्यासारखा होतो. एखाद्या दिवशी भरवशाचे शब्द आलेच नाहीत तर तिथेच आमेन म्हणा. स्तोत्र 88 अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

दुसरी चूक म्हणजे देवाच्या नावाने तारखा देणे. भविष्य आणि आशा देण्याचे अभिवचन म्हणून यिर्मया 29:11 भिंतीवर लावलेले असते, पण त्याच्या आधीचे वचन कुणी वाचत नाही. बाबेलच्या बंदिवानांना तिथे 70 वर्षे सांगितली आहेत. दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, असे यिर्मयाला विरोध करणारा संदेष्टा हनन्या म्हणाला होता. लोकांना आवडावे असेच ते भाकीत होते, आणि खोटे ठरले. "या महिन्यात देव नक्की नोकरी देईल" असे मुलांना सांगाल, तर महिनाअखेरीस देव खोटा ठरतो, तुम्ही नव्हे. सांगायचे ते इतकेच: काय होईल माहीत नाही, पण देव आपल्याला सोडणार नाही. यिर्मयाच्या त्याच 29व्या अध्यायात घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असेही आहे. परदेशातल्या कुटुंबाने आधी हेच वाचावे.

मायदेशातली उपासना ऑनलाइन जरूर पाहा, पण ती मंडळी (चर्च) तुमच्या दारात येऊ शकत नाही. राहता त्या गावातल्या मंडळीत एका तरी कुटुंबाला अडचण नेमकी सांगा: "मंगळवारी मुलाला शाळेतून आणाल का?" आणि तुम्हीच कुणाला भेटायला गेलात तर उपदेश नको. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते. तोंड उघडले आणि घोळ झाला.

झोप उडाली, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, तर त्याला विश्वासाची उणीव म्हणू नका. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा. अशा वेळी डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. जिवाला धोका वाटला तर त्याच क्षणी आपत्कालीन मदत मागा. पाळकांना जोडीने सांगा, डॉक्टरांऐवजी नव्हे.

मागणी तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि शेजारी उत्तरासाठी जागा सोडा. उत्तर "नाही" आले तर तेही लिहा. शरीरातला काटा, म्हणजे सतावणारी पीडा, काढ म्हणून प्रेषित पौलाने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, असे उत्तर मिळाले. वहीतली कोरी जागा मुलांपासून लपवू नका.