घटक, अवयव की सुटा भाग?

प्रश्न असा आला आहे: ‘कंपोनंट-बेस्ड मॉडेलिंग’ (तयार कंपोनंट जोडून एखाद्या प्रणालीचं मॉडेल बनवणं) या विषयावरच्या प्रबंधाचा मराठी सारांश लिहिताना मी ‘घटकाधारित प्रतिमान’ असं लिहिलं. मार्गदर्शकांचं म्हणणं, घटक म्हणजे फॅक्टर, कंपोनंटला ‘अवयव’ म्हणा. मैत्रीण म्हणते, ‘सुटे भाग’ म्हण, लगेच कळतं. यातलं काय ठेवू?

‘घटक’च ठेवा. मार्गदर्शकांची शंका मात्र उडवून लावण्यासारखी नाही, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी ‘भाग’ बघू. हा शब्द भज् धातूचा, म्हणजे वाटून देण्याचा. भागाकार, विभाग, भागीदार ही सगळी त्याचीच भावंडं. इथे अख्खी वस्तू आधी असते, भाग नंतर पडतात. ‘घटक’ची वाट उलटी आहे. घट् म्हणजे जुळणं, घडून येणं, आणि आपलं ‘घडणं’ही त्याच घरातलं. घटक आधी असतात, त्यांच्यातून वस्तू उभी राहते. कंपोनंटच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही ‘एकत्र मांडणं’ असाच आहे. कप फुटला की तुकडे होतात, त्यांना कपाचे घटक कोणी म्हणत नाही.

मैत्रिणीच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो चांगला आहे. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरच्या कंपोनंटांची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कारखान्यात तयार होणारे, यादीतून गुण पाहून निवडायचे भागच होते. पण मराठीत ‘सुटा भाग’ म्हटलं की काहीतरी बिघडलंय आणि बदली भाग शोधायला निघालोय, असं चित्र उभं राहतं. नवी रचना करणाऱ्याच्या तोंडी तो शब्द शोभत नाही.

‘अवयव’ला माझा आक्षेप जास्त आहे. हात, पाय, डोकं जोडून शरीर होतं, पण शरीर काही कुणाचा अवयव होत नाही. अवयव आणि अवयवी या दोन वेगळ्या पायऱ्या. आपल्या न्यायदर्शनात तर त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. सिम्युलेशनच्या, म्हणजे खऱ्या प्रणालीची संगणकावर नक्कल चालवण्याच्या, क्षेत्रात नेमकं याच्या उलट हवं असतं. बर्नार्ड झीगलर यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या ‘डेव्ह्स’ या प्रतिमानं मांडण्याच्या पद्धतीत मूळ प्रतिमानं जोडून जोड-प्रतिमान बनतं, आणि ते जोड-प्रतिमान आणखी मोठ्या जोडणीत पुन्हा मूळ प्रतिमानासारखंच वापरता येतं. घटकांचा मिळून घटकच होतो. शिवाय गंमत अशी, की शाळेच्या गणितात फॅक्टरला आपण ‘अवयव’ म्हणतो (‘अवयव पाडा’ विसरलं नसेलच), तर ‘घटक’ असतात संचाचे. मार्गदर्शकांच्या सल्ल्याने गेलात तर फॅक्टर टाळता टाळता थेट फॅक्टरच्याच दारात जाल.

‘घटक’च्या बाजूचा माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र राजकारणातला आहे: ‘आघाडीतले घटक पक्ष’. प्रत्येकाचं स्वतःचं घर, स्वतःचा कारभार. ठरलेल्या अटींवर एकत्र येतात, पटलं नाही तर उठून दुसऱ्या आघाडीत बसतात. कंपोनंटची याहून नेमकी व्याख्या मला सुचलेली नाही. ही नुसती कोटी नव्हे. वेगवेगळी सिम्युलेशनं एकमेकांना जोडण्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याने एचएलए नावाची रचना आणली, तिच्यात जोडलेल्या समूहाला फेडरेशनच म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येकाला फेडरेट. मराठीत ‘संघ’ आणि ‘संघघटक’ आयते तयार आहेत.

आता खरी अडचण. घटकाला घटकपण येतं ते त्याच्या जोडाच्या जागेमुळे. या जागेसाठी, म्हणजे इंटरफेससाठी, ‘आंतरपृष्ठ’ असा शब्द वाचनात येतो, पण मी ‘सांधा’ म्हणेन. मॉडेलिका या प्रतिमानं लिहिण्याच्या संगणकी भाषेतला साधा रेझिस्टर घ्या. त्याच्या प्रत्येक टोकाशी दोनच राशी असतात, विभव (व्होल्टेज) आणि धारा (करंट). टोकं एकमेकांना जोडली की सांध्यावर विभव सारखं, आणि सगळ्या धारांची बेरीज शून्य. पलीकडे बॅटरी आहे की मोटर, याची रेझिस्टरला खबरही नसते. ‘सांधा’ शब्दात दोन्ही बाजू येतात, ‘पृष्ठ’ एकट्याचंच असतं.

सांध्यावर लिहून न ठेवलेली अट काय करू शकते, हे एरियान-५ या युरोपच्या रॉकेटने ४ जून १९९६ रोजी दाखवलं. आधीच्या एरियान-४ च्या जडत्वीय दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर जवळजवळ जसंच्या तसं नव्या रॉकेटवर चढवलं होतं. नव्याचा आडवा वेग सुरुवातीलाच बराच जास्त, त्यामुळे त्या वेगाशी निगडित एक आकडा १६ बिटांच्या खणात, म्हणजे ३२७६७ च्या आत, मावेना. सुमारे ४० सेकंदांत रॉकेट भरकटून फुटलं. घटक बसला, पण मानवला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेत ‘घटक’ सरसकट वापरू नका. १९७० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात झालेल्या हिअरसे-२ या वाणी ओळखणाऱ्या प्रणालीत स्वतंत्र ज्ञानस्रोत होते. एक ध्वनीचा जाणकार, एक शब्दांचा, एक वाक्यरचनेचा. ते एकमेकांशी बोलत नसत. एका सामाईक फळ्यावर आपापले अंदाज लिहायचे आणि दुसऱ्याचे वाचायचे. एक काढून दुसरा आणता येई, म्हणून ते खुशाल घटक. शिकवून तयार झालेल्या न्यूरल नेटवर्कमधला मधलाच एखादा थर मात्र शेजाऱ्यांसोबत घडलेला असतो. तो उचलून भलत्याच नेटवर्कात ठेवला तर सहसा काही उपयोग नाही. त्याला ‘थर’ म्हणा, फार तर ‘भाग’.

राहता राहिला फॅक्टर. ‘तापमान हा महत्त्वाचा घटक आहे’ असं आपण रोज लिहितो हे खरं, आणि त्यामुळे तुमच्या सारांशात ‘प्रत्येक घटकावर परिणाम करणारे घटक’ अशी वाक्यं येणार. तिथे दुसरा ‘घटक’ हलवा. राशी बदलती असेल तर ‘चल’, नाहीतर साधं ‘बाब’ किंवा ‘कारण’: ‘प्रत्येक घटकावर परिणाम करणाऱ्या बाबी’.

‘घटकाधारित’ शीर्षकात चालेल. मजकुरात मात्र ‘आधारित’ची शेपटी जागोजागी लावण्यापेक्षा ‘घटक जोडून प्रतिमान उभारणं’ असं क्रियापदाने लिहा. ‘प्रतिमान’ की ‘प्रारूप’ यावर भांडत बसू नका, एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. आणि एक खड्डा आधीच दाखवतो: शाळेमुळे ‘घटक चाचणी’ म्हणजे युनिट टेस्ट हे समीकरण मराठीत पक्कं झालेलं आहे. प्रबंधात युनिट आणि कंपोनंट यांच्या चाचण्या वेगळ्या असतील, तर पहिलीला सरळ ‘युनिट टेस्ट’ म्हणा, दुसरीला ‘घटकाची चाचणी’.