काळे आडनावाला मुलीचे कोणते नाव शोभून दिसेल?

काळे या आडनावाला शर्वरी, मृण्मयी, अनन्या किंवा ईश्वरी यांसारखे तीन अक्षरी आणि ‘का’ने न संपणारे नाव उत्तम शोभते. आडनाव दोनच अक्षरांचे आणि ‘का’ने सुरू होणारे असल्यामुळे राधिका, सानिका, अवंतिका ही एरवी अतिशय गोड नावे त्याच्या शेजारी अडखळतात, ‘राधिका काळे’ भरभर म्हणून पाहिले, की एक ‘का’ दुसऱ्यात विरून जातो आणि ऐकणारा हमखास पुन्हा विचारतो. कावेरी काळे मात्र खुशाल ठेवावे, कारण तेथे तोच ‘का’ दोन्ही शब्दांच्या आरंभी येतो आणि कानाला ताल वाटतो. अर्थाकडेही पाहावे: ‘शुभ्रा काळे’ या जोडीतील विरोध वर्गातल्या मुलांच्या लगेच ध्यानात येईल, आणि तो त्रास लेकीला का द्यावा?

महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचे, आईचे, वडिलांचे नाव आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहिले जाते. म्हणून निवडलेले नाव या चारही शब्दांसह मोठ्याने वाचून पाहावे, विशेषतः आईच्या नावाशी त्याचे यमक जुळून गोंधळ होत नाही ना, हे तपासावे.

तरीही आजीचे किंवा कुलदेवतेचे नाव ठेवायचे घरात मनापासून ठरले असेल, तर केवळ उच्चारासाठी ते सोडू नये.