सर्व गोष्टींची पारख : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. वाक्यं थोडी आटोपशीर केली आहेत, प्रश्न वाचकांचेच आहेत.

सप्रेम सलाम. मी नर्स आहे, कसबा बावड्यात आईजवळ राहते. मागच्या महिन्यात एका सभेत बाहेरगावच्या प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "तीन महिन्यांत तू परदेशात जाशील. नोकरी सोड. उशीर केलास तर हा आशीर्वाद दुसऱ्याला जाईल." नंतर विश्वासाची पेरणी म्हणून ११ हजार रुपये मागितले. आईला हे प्रभूकडूनच वाटतं. मला आनंदही होतो आणि पोटात गोळाही येतो. हा आवाज प्रभूचा आहे की नाही, ओळखायचं कसं?

ताई, राजीनामा आज देऊ नका आणि पैसेही आज देऊ नका. हा अविश्वास नाही. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला देवाच्या नावाने दिलेल्या संदेशांचा धिक्कार करू नका असं लिहिलं आणि लगेच पुढच्याच ओळीत सर्व गोष्टींची पारख करा असंही लिहिलं (१ थेस्स. ५:२०-२१). दोन्ही आज्ञा एकाच श्वासातल्या आहेत.

इथे आणि १ योहान ४:१ मध्येही मूळ ग्रीकमध्ये 'डोकिमाझो' हे क्रियापद आहे. धातू खरा की हिणकस, नाणं चालणारं की खोटं, हे तपासण्यासाठी तेच वापरलं जाई. गुजरीत एखादा सराफ सोनं कसाला लावताना नीट पाहा. दागिना काळ्या कसोटीवर घासतो, त्याच्या शेजारी ज्याचा कस माहीत आहे अशा सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडतो. हलक्या सोन्याची रेघ फिकी पडते किंवा विरून जाते. शेजारची रेघ नसेल तर नुसत्या दगडावरून फारसं काही कळत नाही. तुमच्यासाठी ती शेजारची रेघ म्हणजे पवित्र शास्त्र. पोटातला गोळा ती रेघ नाही आणि अंगावर आलेला शहाराही नाही.

आता काम. प्रचारकांचे शब्द आठवतील तसे वहीत उतरवा. त्यांनी काय म्हटलं ते एका बाजूला आणि तुम्ही किंवा आईने नंतर त्याला काय जोडलं ते दुसऱ्या बाजूला. महिन्याभरात आठवणीत बरीच भर पडते. "तू जाशील" याचं "तू दुबईला जाशील" कधी होतं ते कळतही नाही.

मग त्या शब्दांतला सूर तपासा. वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य असतं असं याकोब ३:१७ सांगतं. "उशीर केलास तर दुसऱ्याला जाईल" यात धाक आणि घाई आहे. पैशाबद्दल तर शास्त्र फार स्पष्ट आहे. देणगी दुःखी मनाने किंवा भाग पडलं म्हणून द्यायची नाही (२ करिंथ. ९:७). कोडी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याची भेट नाकारली आणि अलीशाचा चाकर गेहजी याने मागे धावत जाऊन ती घेतली तेव्हा गेहजीचं काय झालं ते २ राजे ५ मध्ये वाचा. संदेशाला पैशाची मागणी चिकटली की आमच्या मते तिथेच थांबावं.

बोललेलं खरं ठरलं तर? तेवढ्यानेही काम भागत नाही. चिन्ह खरं ठरलं तरी सांगणारा देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका, असं बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (१३:१-३) बजावलं आहे. शिवाय मंडळीत कोणी संदेश दिला तर इतरांनी त्याचा निर्णय करावा, ही पौलाने घालून दिलेली रीत आहे (१ करिंथ. १४:२९). बिरुयाच्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं बोलणंही रोज शास्त्र उघडून पडताळलं आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली (प्रेषितांची कृत्ये १७:११). जो प्रचारक पडताळणीला अविश्वास म्हणतो, तो पौलाला नव्हता तेवढा मान स्वतःसाठी मागतो आहे.

नंतर दोन-तीन माणसांशी बोला. त्यांतल्या एकाने तरी तुम्हाला पूर्वी कधी तोंडावर 'नाही' म्हटलेलं असावं आणि तुमच्या जाण्या-न जाण्यात कुणाचाच फायदा नसावा. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि पुढे इथल्या कामाला प्रेस्बिटेरियन वळण लागलं. त्या वळणाच्या मंडळ्यांत पाळकांबरोबर वडीलही, म्हणजे मंडळीने निवडलेली ज्येष्ठ माणसं, बसतात, ते अशाच वेळेसाठी. त्यांच्याकडे जायला संकोच करू नका.

शेवटी साधा हिशेब मांडा : नोटीस किती दिवसांची, कर्ज किती, आईकडे कोण पाहील, परदेशातल्या नोकरीचा लेखी करार हातात आहे का. हे विचारणं म्हणजे आत्म्याला विझवणं नव्हे. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घ्या, हे प्रभूनेच सांगितलं आहे (लूक १४:२८). कॅलेंडरवर तीस दिवसांनंतरच्या तारखेला खूण करा आणि तोवर काहीही पक्कं करू नका. देवाकडचं असेल तर ते एका महिन्यात नासणार नाही. एक प्रश्न मात्र प्रार्थनेत स्वतःला जरूर विचारा : परदेशी जायची इच्छा त्या सभेआधीपासूनच मनात होती का? असली तरी ती पाप नाही. पण मनात आधीच ठरलेलं घेऊन देवाला विचारायला येणाऱ्यांबद्दल यहेज्केल १४ मध्ये कडक शब्द आहेत.

रोज सकाळी डोळे मिटून बायबल उघडते आणि बोट पडेल ते वचन त्या दिवसाचं मार्गदर्शन मानते. हे बरोबर आहे का? — राजारामपुरी

नाही, भगिनी. वचन खरं असतं, पण ते कुणाला आणि कशासाठी लिहिलं हे सुटून जातं. यिर्मया २९:११, म्हणजे तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत हे वचन, बऱ्याच घरांत भिंतीवर असतं. त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षं आहेत आणि त्याच पत्रात बंदिवानांना सांगितलं आहे की बाबेलात घरं बांधा, मळे लावा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे दीर्घकाळ थांबायची तयारी करा. एकटं अकरावं वचन काढलं तर नेमकं उलटं ऐकू येतं.

गिदोनाने रात्री खळ्यात लोकर ठेवून देवाकडे दवाची खूण मागितली, तो दाखला पुष्कळ जण देतात. गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं (शास्ते ६:१४). "तू म्हटल्याप्रमाणे" असं लोकर ठेवताना तो स्वतःच कबूल करतो. लोकर त्याच्या भीतीसाठी होती. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या त्या पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. त्यानंतर नव्या करारात मंडळीने चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचा उल्लेख नाही.

त्याऐवजी एक पुस्तक धरा. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं, १०४ वचनांचं आहे. सावकाश वाचलं तरी वीस मिनिटं पुरतात. एक आठवडा रोज तेच अख्खं वाचा. चौथ्या दिवसापासून आधी न दिसलेले धागे दिसू लागतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे एकेक वाचता येतात.

बारा वर्षं मंडळीत आहे, रोज चार अध्याय वाचतो. शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर आहे. शॉपवर, म्हणजे कामाच्या जागी, तोंड सुटतं, घरी येऊन मुलांवरही. दरवर्षी एक जानेवारीला निश्चय करतो. स्वभाव बदलत का नाही?

भाऊ, गुऱ्हाळावर काहिलीजवळ कधी उभे राहिला असाल. रस तापला, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते आणि माणूस झारा घेऊन ती काढतच राहतो. वेळेवर काढली नाही तर उकळीबरोबर ती पुन्हा रसात मिसळते आणि गुळाचा रंग जातो. जाळ नसेल तर मळी वरच येत नाही. तुमचा शॉप हा जाळ आहे. तिथे जे वर येतं ते आधीपासून रसात होतं. सकाळच्या चार अध्यायांत ते दिसत नाही, कारण तिथे कुणी तुमचा मोल्ड (ओतकामाचा साचा) पाडत नाही.

२ पेत्र १:५-७ मध्ये विश्वासात सात्त्विकतेची, तिच्यात ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची, मग धीराची भर घालत जा म्हटलं आहे. भर एकेक घालायची असते. तुम्ही एका तारखेला सगळं मागता, म्हणून पंधरा दिवसांत निश्चय गळतो.

तीन आठवडे वाचन एका अध्यायावर आणा आणि खिशात छोटी वही ठेवा. रागाचा प्रसंग झाला की चारच गोष्टी लिहा : वेळ, जागा, माणूस, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय चाललं होतं. बहुतेकदा वेळ ठरलेली निघते : शिफ्ट बदलताना, गाडी लागायच्या आधी, जेवण चुकल्यावर. वेळ सापडली की निश्चय फक्त तेवढ्या अर्ध्या तासाचा करा. त्याआधी पोटात काहीतरी असू द्या आणि याकोब १:१९ पाठ म्हणा. तिथे क्रम दिला आहे : ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद. ऐकण्यात चूक झाली की पुढचे दोन्ही सुटतात.

तरी तोंड सुटेल. तेव्हा माफी मागा, आणि ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच, त्या कामगाराचं नाव घेऊन. "चुकलो, पण तूही..." असं म्हटलं की माफी संपली. 'पण' गिळून टाका. मुलांचीही अशीच मागा. बाप माफी मागतो हे पाहिलेली मुलं पुढे आपल्या चुका लपवत नाहीत.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं एका विश्वासू भावाजवळ बसा आणि वही त्याच्या हातात द्या (याकोब ५:१६). प्रगती मोजायची तर किती वेळा चिडलात ते मोजू नका, चिडणं आणि माफी यांत किती वेळ गेला ते मोजा. तीन दिवसांचं अंतर त्याच संध्याकाळवर आलं, तर आत्मा काम करतो आहे. गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगितले असले तरी 'फळ' हा शब्द मूळ ग्रीकमध्ये एकवचनी आहे. सौम्यता वाढली की धीरही तिच्या मागोमाग वाढलेला दिसेल.

लक्ष्मीपुरीत एका घाऊक दुकानात हिशेब लिहिते. मालक काही माल कच्च्या बिलावर काढायला लावतात आणि वजनात फरक लिहायला सांगतात. प्रार्थना करते आहे, पण देवाची इच्छा कळत नाही.

ताई, वजनमाप खरं ठेवा, ही देवाची इच्छा लिहिलेलीच आहे : नीतिसूत्रे ११:१, लेवीय १९:३५-३६. जे आधीच सांगितलं आहे त्यावर पुन्हा विचारणा करत राहिलं की कान बोथट होतो. इब्री ५:१४ प्रमाणे चांगल्या-वाईटाची जाण वहिवाटीने येते, म्हणजे कळलेलं केल्याने. तुम्हाला भीती वाटते ती नोकरीची, आणि ती खोटी नाही.

दानीएलाची रीत बघा (दानीएल १:८-१४). राजाचं अन्न खायचं नाही असं आधी मनात ठरवलं, मग अधिकाऱ्याला नम्रपणे विनंती केली, आणि दहा दिवस साधं अन्न देऊन पाहा असा पर्यायही पुढे ठेवला. तुम्हीही मालकांना गिऱ्हाईक नसताना एकटं गाठा. "मालक, बाकी सगळं काम मी जास्त वेळ थांबून करीन, पण चुकीचं वजन माझ्या हाताने लिहिणार नाही." दुसऱ्या कामगारांसमोर नको, फोनवरही नको. त्याआधी घरात सांगून ठेवा, दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडतो का ते पाहा, आणि दुसरीकडे अर्ज टाकायला आजच सुरुवात करा. मालक ऐकतीलच असं आम्ही म्हणत नाही. काही ऐकतात, कारण चोख हिशेब लिहिणारं माणूस त्यांनाही हवं असतं. नाही ऐकलं, तर मंडळीतल्या वडिलांना ते कळायला हवं आणि तुमच्या घरात धान्य आहे का हे विचारायची जबाबदारी तेव्हा त्यांची आहे.