शेडात १३:०:४५ च्या गोण्या, शेजारी गंधक आणि डिझेल. स्फोट होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोळ तालुक्यात शेती, ठिबकसाठी आणलेल्या १३:०:४५ खताच्या (म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच्या) पंचवीस किलोच्या दहा-बारा गोण्या शेडात, त्याच कोपऱ्यात गंधकाची पावडर, पंपाच्या डिझेलचा कॅन, मागं पाचटाचा ढीग आणि भिंतीपलीकडं गोठा. वडिलांनी मोबाईलवर बैरूतचा स्फोट बघितला आणि आता ‘हे सगळं आजच बाहेर काढ’ म्हणून मागं लागलेत.

मी शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातूचे भाग तापवून हवे तसे कडक करायच्या शॉपमध्ये आहे. आमच्या सॉल्ट बाथमध्ये हेच पोटॅशियम नायट्रेट दुसऱ्या क्षारांबरोबर वितळवलेलं असतं, आणि घरच्या उसालाही तेच सोडतो. दोन्हीकडची सवय असल्यानं लिहितोय.

आधी स्फोटाचं. नुसत्या गोण्या पडून आहेत म्हणून त्या उडणार नाहीत. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० ला उडालं ते अमोनियम नायट्रेट, सुमारे २,७५० टन, कित्येक वर्षं गोदामात पडून राहिलेलं. त्या क्षारात जळणारा भाग आणि ऑक्सिजन देणारा भाग एकाच रेणूत असतो, त्यामुळं कोंडलेल्या जागी आग लागली की ते स्वतःच फुटू शकतं. म्हणूनच आपल्याकडं ते २०१२ च्या नियमांखाली परवान्याशिवाय साठवता येत नाही. १३:०:४५ मध्ये नायट्रेट आहे, अमोनियम नाही. ते स्वतः जळतही नाही. वडिलांना एवढं सांगा, निम्मी काळजी जाईल.

उरलेली निम्मी मात्र खरी आहे. हा क्षार म्हणजे आगीचा भाता. ३३४ अंशाला वितळतो, ४०० च्या पुढं तापला की ऑक्सिजन सोडायला लागतो, आणि शेजारी जे काही जळण्यासारखं असेल ते नेहमीपेक्षा कितीतरी जोरात जळतं. गोणीवर पिवळा चौकोन आणि त्यात गोलावर ज्वाळा असं चित्र दिसलं तर त्याचा अर्थ तोच. तोफेच्या दारूत गंधक आणि कोळशाबरोबर जो सोरा पडायचा, तो हाच क्षार. आता तुमच्या कोपऱ्याकडं परत बघा: गंधक आहे, डिझेल आहे, पाचट आहे. वडिलांनी चुकीच्या कारणानं बरोबर गोष्ट सांगितलीय.

त्यामुळं आज करायचं काम एकच, आणि त्यात गोण्या नाही, शेजारी हलवायचेत. गंधक दुसऱ्या खोलीत. डिझेल, ऑइल, ग्रीसचे डबे आणि तेलकट चिंध्या शेडाबाहेर. पाचट, भुसा, चिपाड, गुळाचे रवे यांतलं काहीही त्या खताला टेकून नको. कीटकनाशकंही लांब. गोण्या सिमेंटच्या जमिनीवर प्लॅस्टिकच्या पॅलेटवर ठेवा. लाकडी फळी टाळा, कारण ओल धरलेला क्षार लाकडात मुरतो, वाळतो आणि मग ती फळी ठिणगीला तयारच असते. गोणपाटाचं आणि सुती कपड्याचंही तसंच, म्हणून खताच्या पाण्यानं भिजलेली पँट तशीच वाळवून चुलीपुढं बसायचं नाही, आधी धुवायची.

खत सांडलं तर भुशानं टिपू नका आणि झाडलेलं परत गोणीत भरू नका. त्यात काडीकचरा आलेला असतो. बादलीभर पाण्यात विरघळवा आणि उसाला सोडा, वाया जात नाही. रिकाम्या गोण्यांचा ढीग शेडाच्या मागं पेटवून द्यायची आपल्याकडं खोड आहे. ती सोडा, आधी गोण्या धुवून घ्या.

शेतावरच्या आगीचं कारण बहुतेक वेळा वेल्डिंग असतं असं माझं मत. शेडाचा पत्रा सुटला, गेट तुटलं, की वेल्डरला बोलावतात आणि तो खताच्या डोक्यावरच काम सुरू करतो. ग्राइंडरच्या ठिणग्या लांबवर उडतात. त्या दिवशी खत बाहेर काढा, नाहीतर काम बाहेर करा.

समजा पाचट पेटलंच आणि आग गोण्यांकडं सरकतेय. तर पाणी, भरपूर पाणी, पाइपनं, लांबून. ओलं पोतं टाकून किंवा वाळू टाकून कोंडायला जाऊ नका. साध्या आगीला बाहेरच्या हवेतून ऑक्सिजन लागतो, इथं तो गोणीतूनच मिळतो, त्यामुळं कोंडून काही उपयोग नाही. पावडरचा लाल सिलिंडरही इथं फारसा चालत नाही. गोण्याच पेटल्या आणि तपकिरी धूर दिसला तर सगळ्यांना घेऊन वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब व्हा आणि १०१ ला फोन करा. त्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड फसवे असतात. माणूस खोकून मोकळा होतो, चहा पितो, घरी जातो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून धाप लागते. ज्यानं तो धूर घेतलाय त्याला बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडं न्या आणि नायट्रेट जळालं होतं हे स्पष्ट सांगा.

एक सावधगिरी. हा पाण्याचा नियम गोणीतल्या खताचा आहे. आमच्या शॉपमध्ये बरोबर उलट: वितळलेल्या बाथमध्ये ओला जॉब (धातूचा भाग) गेला तरी पाण्याची क्षणात वाफ होते, आकार सोळाशे-सतराशे पट होतो आणि गरम क्षार अंगावर उडतो. तुमचा कोणी पाहुणा एमआयडीसीत असेल आणि ‘नायट्रेटवर पाणी कधीच नाही’ म्हणत असेल, तर तो त्याच्या जागी बरोबर आहे. त्याच कारणानं, थंडीत खत विरघळेना म्हणून कोरडं खत डब्यात घालून चुलीवर ठेवू नका. हा क्षार विरघळताना पाणी गार करतो. २० अंशाच्या शंभर लिटर पाण्यात साधारण ३१ किलो मावतं, पाणी गार झालं की बरंच कमी. पाणी वेगळं तापवून कोमट ओता, झालं.

आता गोठ्याबद्दल, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि मला तिथंच जास्त भीती वाटते. १३:०:४५ दिसायला मिठासारखं आणि चवीला खारट. म्हैस फाटकी गोणी चाटते, ठिबकच्या टाकीला तोंड लावते, शेडातून वाहून आलेलं डबक्यातलं पाणी पिते. पोटातले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. रक्त चॉकलेटसारखं तपकिरी दिसतं, हिरड्या काळपट-निळ्या पडतात, जनावर धापा टाकतं, लटपटतं, बसतं आणि काही तासांत जाऊ शकतं. अशा जनावराला चालवत दवाखान्यात नेऊ नका, दमवलं की लवकर मरतं. डॉक्टरांना जागेवर बोलवा आणि रिकामी गोणी दाखवा. यावर शिरेतून मिथिलीन ब्लू देतात. युरिया खाल्लेल्या जनावराचा उपचार वेगळा असतो, म्हणून नुसतं ‘खत खाल्लं’ एवढं सांगून भागत नाही. गोठ्याच्या बाजूला कडी लागेल असं दार बसवा. माझ्या मते वेल्डरच्या खालोखाल ते सगळ्यात गरजेचं आहे.

आणि तुम्ही शिरोळचे, म्हणजे पूर आलाच. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी आलं तर खालच्या थरातल्या गोण्या विरघळून जातील आणि ते पाणी आडात किंवा डबक्यात उतरेल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळाला त्याचा त्रास सगळ्यात आधी होतो. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी उरलेला माल वापरून टाका किंवा माळ्यावर चढवा. पुरानंतर ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वाटते, ती मात्र या खतांच्या खोलीत आणूच नका, खास करून युरियाजवळ. तीही ऑक्सिजन देणाऱ्यांतलीच, आणि युरियाशी ओलाव्यात मिसळली तर स्फोटक संयुग बनू शकतं. तिला वेगळा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि वेगळी जागा.