पांढऱ्या देव्या, काळे देव

प्रश्न : लेकीकडे लंडनला गेले होते तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये जुनी ग्रीक भांडी बघितली. पुरुष सगळे काळेकुट्ट, देव्या मात्र चुना फासल्यासारख्या पांढऱ्या, मध्येच एखादीचं तोंड अर्धं काळं. असं का? आणि कुठली देवी कोणती हे पाटी न वाचता कळतं का? – एक वाचक

उत्तर : चुना नाही हो, पांढरी माती आहे ती. अथेन्सचे चित्रकार लाल मातीच्या भांड्यावर बारीक गाळलेल्या मातीच्या लेपाने आकृती काढायचे, त्यात टोकदार अवजाराने केस, कपड्यांच्या चुण्या कोरायचे, मग भट्टीत आधी हवा, मग धूर कोंडायचा, मग परत हवा, की लेप काळा चकचकीत आणि बाकी भांडं लाल. बाई घरात म्हणून गोरी आणि पुरुष उन्हात म्हणून काळा असा साधारण हिशोब, आणि तो भाला घेऊन लढणाऱ्या अथेना देवीलाही लावलाय, आता बोला! तर ही पांढरी माती काळ्या लेपावर वरून द्यायचे, ती नीट धरत नाही, पोपडे निघतात आणि खालचा काळा दिसायला लागतो. तेच ते अर्धं काळं तोंड.

इ.स.पू. ५३० च्या सुमारास उलटी पद्धत आली, पार्श्वभूमी काळी आणि माणसं लाल, तिथे हा गोरा-काळा भेद संपलाच. पण अथेन्सच्या पॅनाथेनिया या अथेनाच्या उत्सवातल्या स्पर्धेत बक्षीस म्हणून ऑलिव्ह तेल भरून जे मोठे अँफोरा (दोन कानांचे रांजण) द्यायचे, त्यांच्यावर पुढेही जुनीच स्टाईल चालू राहिली. दोन खांब, त्यांवर कोंबडे आणि मधे ढाल-भाला घेतलेली अथेना, हे दिसलं की डोळे मिटून ओळखा.

बाकीच्यांचं म्हणाल तर चेहरा बघूच नका, सगळ्यांचे सारखेच, आयुध बघा. अथेनाच्या अंगावर सापांची किनार असलेलं कवच, शिकारीची देवी आर्टेमिसकडे धनुष्य, धान्याची देवी डिमीटरकडे गव्हाच्या लोंब्या नाहीतर मशाल. देवांची राणी हेरा मात्र अवघड, फार तर मुकुट आणि राजदंड. फ्लोरेन्समध्ये इ.स.पू. ५७० च्या आसपासचं फ्रांस्वा भांडं आहे, त्यावर चित्रकार क्लायटियासने जवळपास प्रत्येकाचं नाव शेजारी लिहून टाकलंय, त्याचे उपकारच म्हणायचे. सगळ्यात गोंधळ पॅरिसच्या निवाड्याच्या चित्रात (ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस तीन देव्यांत सगळ्यात सुंदर कोण ते ठरवतो, ती गोष्ट), देवांचा दूत हर्मीस याच्या मागे तीन देव्या ओळीने चालल्यात, अथेना शिरस्त्राणावरून कळते, उरलेल्या दोघींत हेरा कोण आणि प्रेमाची देवी अॅफ्रोडायटी कोण हे कित्येकदा शेवटपर्यंत कळत नाही, तिथे मी पण गुपचूप पाटीच वाचतो.