वाचकांचे प्रश्न : पासपोर्ट मोबाइलमध्ये असला तर चालतो का?

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की या सदराकडे परदेश प्रवासाविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : सगळी कागदपत्रे मोबाइलमध्ये असताना मूळ प्रती कशासाठी वागवायच्या? त्यांतील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, ७१ वर्षांच्या सासूबाई आणि १२ वर्षांचा मुलगा असे चौघे विमानाने काठमांडूला जाणार आहोत. पासपोर्ट कोणाकडेच नाही. आधार आणि मतदार ओळखपत्र डिजिलॉकरमध्ये आहे आणि देशातल्या विमानप्रवासात ते आजवर कोणी नाकारलेले नाही. नेपाळसाठी ते पुरेल ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : देशातला अनुभव येथे लावू नका. डिजिलॉकर या सरकारी ॲपमधील दस्तऐवज मूळ दस्तऐवजाच्या बरोबरीचे मानण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांत २०१७ साली झाली, आणि म्हणूनच वाहतूक पोलिसाला मोबाइलवर लायसन्स दाखवता येते किंवा विमानतळाच्या दारात आधार दाखवून आत जाता येते. हा नियम मात्र आपल्या सरकारचा आहे. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावरच्या अधिकाऱ्यावर तो बंधनकारक नाही. विमानतळांवरची डिजियात्राची चेहरा ओळखणारी सोयही देशांतर्गत उड्डाणांसाठीच आहे.

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, याचा अर्थ ओळख लागत नाही असा अनेक जण करून घेतात. विमानाने जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र असावे लागते. आधार कार्ड सर्वांसाठी चालत नाही. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांच्यापुरतीच त्याला जानेवारी २०१९ पासून मुभा आहे. तेव्हा सासूबाई आणि मुलगा यांचे आधार कार्ड पुरेसे आहे, पण आपण दोघांनी मतदार ओळखपत्र नेलेच पाहिजे, आणि चौघांचीही मूळ कार्डेच न्यावीत. मतदार ओळखपत्राची पीडीएफ प्रत २०२१ पासून उतरवून घेता येते, ती जवळ असू द्या. मात्र सहलीची सगळी बुकिंगे तिच्या भरवशावर सोडू नका. कार्ड हरवले असेल तर तिकिटे काढण्याआधी दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा. पुढेमागे भूतानला जाण्याचा विचार असेल, तर मुलाचा जन्मदाखला इंग्रजीत लागेल. केवळ मराठीत असलेला जुना दाखला महापालिकेतून नव्याने काढून घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी ब्रिटनमध्ये लीड्सला शिकते. तिचे निवासाचे कार्ड बंद होऊन आता ई-व्हिसा मिळाला आहे. सुट्टीत घरी आलेली असताना तिने पासपोर्टचे नूतनीकरण करून घेतले. परत जाताना ई-व्हिसाचा स्क्रीनशॉट दाखवला तर पुरे, असे ती म्हणते. (एक पालक, पुणे)

उत्तर : मुलीचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. ब्रिटनची बायोमेट्रिक निवास कार्डे २०२४ च्या अखेरीस संपुष्टात आली आणि त्यांच्या जागी ई-व्हिसा आला हे खरे; पण ई-व्हिसा म्हणजे आपल्याजवळची एखादी प्रत नव्हे, तर ब्रिटिश गृहखात्याच्या दफ्तरातली नोंद आहे, आणि ती नोंद पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली असते. मुलीचा क्रमांक आता बदलला आहे. तिने आपल्या व्हिसा खात्यात नवा पासपोर्ट नोंदवला नसेल, तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवर कर्मचारी नवा क्रमांक टाकून पाहतील आणि त्यांना व्हिसा सापडणार नाही. स्क्रीनशॉट कितीही स्वच्छ असला तरी तो तिथे कामाचा नाही. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांचा त्या वेळी राग येतो, पण अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेऊन उतरवला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परतही आणावे लागते, म्हणून ते अडून बसतात. हा बदल निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर आजच करून घ्यावा. खात्यातून मिळणारा शेअर कोड (व्हिसाची नोंद दुसऱ्याला ऑनलाइन पाहता यावी यासाठीचा संकेतांक) जवळ ठेवावा आणि जुना पासपोर्टही बरोबर न्यावा.

प्रश्न : अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे. त्या पानाचा रंगीत फोटो आणि नवा पासपोर्ट नेला तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालणार नाही. व्हिसाची मुदत शिल्लक असेल आणि ते पान फाटलेले वा खराब झालेले नसेल, तर दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यावेत. व्हिसा सोलून नव्या पुस्तिकेत चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. त्याने असलेला व्हिसाही रद्द होतो.

प्रश्न : मग पासपोर्टचे फोटो काढून ठेवण्याचा काही उपयोग आहे की नाही? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आहे, आणि फार मोठा आहे, मात्र तो सीमा ओलांडताना नाही, पासपोर्ट हरवल्यावर आहे.

समजा, बँकॉकच्या बाजारात खांद्यावरची पिशवी गेली. आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी लागते आणि ती घेऊन भारतीय दूतावासात जावे लागते. तिथे नवा पासपोर्ट किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते. हे सर्टिफिकेट केवळ भारतात परतण्यापुरते, एकेरी प्रवासाचे असते. हातात प्रत असेल तर आपण कोण आहोत हे शून्यापासून सिद्ध करावे लागत नाही. आपल्याकडे लोक फक्त छायाचित्राच्या पानाचा फोटो काढतात. भारतीय पासपोर्टचे शेवटचे छापील पान तितकेच महत्त्वाचे आहे, कारण आईवडिलांची नावे, पत्ता, आधीच्या पासपोर्टचा तपशील आणि फाइल क्रमांक या गोष्टी त्या पानावर असतात. छायाचित्राच्या पानावर तळाशी बाणासारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. फ्लॅशची चकाकी त्या ओळींवर पडू देऊ नये, त्यातले प्रत्येक अक्षर वाचता आले पाहिजे.

तिसरा फोटो लोक हमखास विसरतात, तो म्हणजे त्या देशात प्रवेश करताना मारलेल्या शिक्क्याचा. थायलंडमध्ये नवे कागद मिळाल्यावरही इमिग्रेशन कार्यालयात जाऊन प्रवेशाची नोंद त्यांवर उतरवून घ्यावी लागते, त्याशिवाय देशाबाहेर पडता येत नाही. विमानतळाबाहेर पडल्या पडल्या त्या शिक्क्याचा फोटो काढून घ्यावा. काउंटरसमोर मात्र काढू नये. तिथे कॅमेरा उघडणे बहुतेक देशांत निषिद्ध आहे.

आता या प्रती ठेवायच्या कुठे? मोबाइल आणि पासपोर्ट एकाच पिशवीत असतात आणि एकाच वेळी जातात. डिजिलॉकर उघडायला ओटीपी लागतो, आणि तो ज्या भारतीय सिमवर येणार ते सिम चोराच्या हातात असते. ईमेलचेही अनेकदा तसेच होते. म्हणून एक संच घरी, ज्याचा फोन नंबर आपल्याला तोंडपाठ आहे अशा माणसाकडे द्यावा, आणि एक कागदी झेरॉक्स मोठ्या बॅगेत कपड्यांखाली ठेवावी. झेरॉक्स जुनाट वाटेल, पण तिला ना चार्जिंग लागते ना पासवर्ड.

एक सावधगिरी. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट इंटरपोलच्या हरवलेल्या व चोरीला गेलेल्या प्रवास-दस्तऐवजांच्या यादीत जाऊ शकतो. ही यादी २००२ पासून चालू आहे आणि जगभरचे सीमा अधिकारी ती तपासतात. नंतर तोच पासपोर्ट सोफ्याखाली सापडला, तरी त्यावर प्रवास करू नये. तो पासपोर्ट कार्यालयात जमा करावा.

प्रश्न : केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र मोबाइलवर दाखवले तर चालेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लसीकरण केंद्राने सही-शिक्क्यानिशी दिलेली मूळ पिवळी पुस्तिकाच बाळगा. भारतात हा नियम कडक आहे. वैध प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर वैध धरले जाते, त्यामुळे पूर्वीची पुस्तिका जपून ठेवली असेल तर पुन्हा टोचून घेण्याची गरज नाही.

प्रश्न : काही देशांत पासपोर्टऐवजी मोबाइल चालतो असे वाचले. माझ्या पासपोर्टची चार वर्षे उरली आहेत. चिप असलेला नवा ई-पासपोर्ट आताच काढावा का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपण वाचले ते बहुधा सिंगापूर आणि फिनलंडविषयी असावे. सिंगापूरच्या मलेशियाला लागून असलेल्या वुडलँड्स आणि तुआस या नाक्यांवर मोटारीने ये-जा करणाऱ्यांना मार्च २०२४ पासून पासपोर्टऐवजी क्यूआर कोड दाखवता येतो. फिनलंडने ऑगस्ट २०२३ पासून काही महिने हेलसिंकी आणि ब्रिटन यांच्यातील उड्डाणांवर मोबाइलमधील डिजिटल पासपोर्टचा प्रयोग केला. दोन्हीकडे पासपोर्ट जवळ बाळगण्याची अट होतीच, आणि दोन्हीकडे मोबाइलमधली माहिती हा पासपोर्टचा फोटो नव्हता. पासपोर्टच्या चिपमधल्या माहितीवर तो पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल स्वाक्षरी असते. माहितीत एका अक्षराचा फेरफार झाला तरी ती स्वाक्षरी जुळत नाही. फोटोत मात्र जन्मतारीख बदलणे कोणत्याही शाळकरी मुलाला जमेल.

ई-पासपोर्टसाठी घाई करण्याचे कारण नाही. चिप नसलेले पासपोर्ट त्यांच्यावर छापलेल्या तारखेपर्यंत वैध आहेत, आणि ई-पासपोर्ट हीसुद्धा अखेर बरोबर न्यावी लागणारी पुस्तिकाच आहे. अनेक देश किमान सहा महिन्यांची वैधता मागतात, म्हणून शेवटच्या वर्षात शिरताना नूतनीकरणाला द्यावा.