जुन्या बाजारातून घेतलेल्या निळ्या प्लेट्सनी कोजागिरीचं टेबल कसं सजवू?

तुम्ही लिहिलंय की मुंबईच्या चोर बाजारात सहा निळ्या विलो प्लेट्स (पांढऱ्यावर चिनी वळणाचं निळं चित्र असतं त्या) आणि एक मोठी लंबगोल डिश मिळाली, कोजागिरीला दहा माणसं येणार आहेत आणि टेबल 'ऑटम' थीमचं करायचंय. मग अगदी शेवटी, की सासूबाई म्हणतात, "परक्यांची उष्टी भांडी ती, भिंतीवर लावा, जेवायला नकोत." सजावटीचं सांगते, पण मला त्या शेवटच्या वाक्यावर आधी बोलायचंय.

१९७९ साल. ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ आमची चाळ, दोन खोल्या. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, शिफ्टची नोकरी, आणि त्या वर्षी तिची सुट्टी शुक्रवारी यायची. शुक्रवारी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरची दुकानं बंद आणि उजाडायच्या आत रस्त्यावर पथाऱ्या, हे तुम्हाला माहीत असणारच. आई मला घेऊन सी. पी. टँक, नळ बाजार करत चालत गेली. मी नऊ वर्षांची. एका पथारीवर जुने पंखे, घड्याळांची पोटं, बिजागऱ्या यांच्यामध्ये चार प्लेट्स आणि एक लंबगोल डिश होती, वर मातीचा थर. आईने एक प्लेट उचलली, बोटांच्या टोकांवर तोलली, कडेला नखाने टिचकी मारली आणि कान लावला. मग दुसरी. चारही खणखणीत वाजल्या. १४ रुपयांत पाच नग. घरी येईपर्यंत पिशवी तिने छातीशी धरली होती, मला हात लावू दिला नाही.

मोरीत कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन ती बसली. माती गेली आणि आधी झाड दिसलं, मग घर, मग पूल आणि पुलावरून चाललेली तीन माणसं, वर दोन पक्षी. मी विचारलं, हे कुठे चाललेत? आई म्हणाली, केनेडी ब्रिजवरून ग्रँट रोडला, गाडी पकडायला. आमच्या घरात त्या चित्राचं नाव 'केनेडी ब्रिज'च पडलं. पुढे कळलं की पळून जाणाऱ्या प्रेमिकांची जी चिनी गोष्ट या प्लेट्सबरोबर सांगतात तीही इंग्लंडातच रचलेली आहे, प्लेट्स खपाव्यात म्हणून. चित्रही तिथलंच, १७९०च्या सुमाराचं, चिनी भांडी समोर ठेवून बेतलेलं. तेव्हा आईची गोष्ट काही कमी अस्सल नव्हती.

त्या कोजागिरीला सगळी चाळ गच्चीवर. आईने भोपळ्याचे घारगे केले होते आणि घरातल्या मोठ्या माणसांना त्या चार प्लेट्समधून दिले. चांदण्यात ते निळं जवळजवळ काळं दिसत होतं आणि त्यावर तांबूस घारगे. मला अजून तो रंग आठवतो. आत्याने घारगे शेजारच्या ताटलीत काढले, प्लेट उलटी केली, टॉर्च मागून घेऊन खालचा शिक्का वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, कुणा साहेबाची उष्टी ताटं उचलून आणलीस? मला आपलं स्टीलचं दे."

बाबा काही बोलले नाहीत. आई "आणते हं, वन्सं" म्हणाली, दोन जिने उतरून स्टीलची ताटली घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पाचही नग 'नवाकाळ'च्या कागदात बांधून माळ्यावर गेले. २००६ला आई गेली. २००९ला चाळ रिकामी करताना माळ्यावरून ते गाठोडं निघालं. एका प्लेटचे सरळ दोन तुकडे झाले होते, बाकीच्या धड. सत्तावीस वर्षांत एकदाही ती त्यात जेवली नाही.

आत्याही आता नाही. तिच्याशी बोलायचं राहिलं ते इथे लिहिते, सासूबाईंना वाचून दाखवा.

चिनी माती उष्टी राहते ही समजूत कुठून आली ते मला कळतं. मातीचं भांडं एकदा वापरलं की टाकायचं, धातूचं चिंच-राखेने घासलं की शुद्ध, असा जुना नियम. कपबशी दिसायला मातीची, म्हणून कितीतरी घरांत तिला सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जागा नव्हती. पण या प्लेट्सवर काचेचा थर असतो. निळं चित्र त्या थराच्या खाली आहे, म्हणून इतकी वर्षं घासूनही जात नाही. काच धुतली की स्वच्छ. ज्या आत्याने प्लेट उलटी केली तीच दर शनिवारी नाक्यावरच्या इराण्याकडे ब्रुन मस्का आणि चहा घ्यायची. त्या कपातून तिच्या आधी कितीजण प्यायले, हे तिने कधी विचारलं नाही. लग्नाच्या हॉलमधली ताटं सगळ्या मुंबईची उष्टी. तिथे आपण निमूट रांगेत उभे राहतो. मला तर स्पष्ट वाटतं की 'उष्टं' हा शब्द इथे स्वच्छतेचा नाहीच, तो विटाळाचा आहे, आणि तो वस्तू घरात आणणाऱ्या सुनेच्या अंगावर टाकला जातो. सुनेने आपल्या पैशाने, आपल्या आवडीने एक वस्तू घरात आणली, हेच खुपतं.

आणि भिंतीवर लावू नका. कपाटातली चिनी माती बघायची तर काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं, रतन टाटा आणि दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेली चिनी-जपानी भांडी तिथे आहेत. घरातली प्लेट जेवायला.

आता टेबल. 'ऑटम' म्हणून क्रॉफर्ड मार्केटातून प्लास्टिकची मेपलची पानं आणू नका. आपल्याकडे या दिवसांत पानगळ नसते, आपल्याकडे शरद आहे. पाऊस गेलेला, आभाळ धुतलेलं, भात तयार. कोकणात या पौर्णिमेला नवान्न म्हणतात, म्हणून दारावर बांधतात तशी भाताच्या लोंब्यांची एक जुडी टेबलाच्या मधोमध आडवी टाका. दादरच्या फुलबाजारात या दिवसांत झेंडू, शेवंती, लोंब्या सगळं मिळतं, पण सकाळी लवकर जा. प्लेटवरच्या गडद कोबाल्ट निळ्यापुढे सगळ्यात खुलतो तो केशरी, म्हणून झेंडू केशरी घ्या, पिवळा थोडाच. हार करू नका, फुलं सुटी ठेवा. एक लाल भोपळा अख्खा, दोन-तीन सीताफळं, एखादं फोडलेलं डाळिंब. बस.

खाली पांढराशुभ्र टेबलक्लॉथ घालू नका, हॉटेल वाटतं. मंगलदास मार्केटातून बिनधुतलेलं मांजरपाट घ्या. त्याचा पिवळसर रंग जुन्या प्लेटच्या पांढऱ्याशी जुळतो, कारण तोही शुभ्र नसतो. पितळेचा तांब्या, एक समई. ट्यूबलाइट बंद.

माणसं दहा आणि प्लेट्स सहा, याची काळजी करू नका. उरलेल्या चार त्याच डिझाइनच्या शोधत फिराल तर दुकानदार भाव चढवेल. निळ्या काठाची एनॅमलची ताटं मिसळा, अजून मिळतात. सारखा सेट मांडला की शोरूम वाटतं. लंबगोल डिशमध्ये घारगे किंवा साखरभात. केशरी-पिवळं काहीही. मसाला दूध मात्र स्टीलच्या फुलपात्रांत किंवा काचेच्या ग्लासात द्या, त्यात प्लेटचं काम नाही.

बसल्यावर पाहुण्यांना प्लेटची कड बघायला सांगा. नक्षी आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरत, पातळ कागदावर छापत आणि तो कागद भांड्यावर चिकटवत. कडेच्या नक्षीत कुठेतरी त्या कागदाचा सांधा सापडतो, दोन रेघा एकमेकींना चुकतात. माझ्या एका प्लेटवर तो सांधा बरोबर पुलाच्या वर आहे, नक्षीचं अर्धं फूल आहे आणि अर्धं गायब. इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमधल्या कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी घाईत चिकटवलेलं. हीच नक्षी जपानमध्येही करत, तुमच्या प्लेटच्या मागे 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का निघाला तर प्लेट १९४५ ते १९५२ या काळातली.

हे आधी सांगायला हवं होतं. काचेच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसत असतील, किंवा टिचकी मारल्यावर बद्द आवाज येत असेल, तर ती प्लेट फक्त मांडायला ठेवा. चिरांतून तेल-पाणी आत मुरतं आणि ते धुऊन निघत नाही. तेवढ्यापुरतं आत्याचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. शिवाय जुन्या ग्लेझमध्ये, म्हणजे या काचेच्या थरात, शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. म्हणून लोणचं, लिंबाची फोड, आमसुलाची चटणी, दहीवडे या प्लेट्सवर नकोत, आणि अन्न रात्रभर त्यात झाकून ठेवायचं नाही. मायक्रोवेव्ह नाही. लहान मुलांना आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला स्टीलच द्या.

आणि रात्री पाहुणे गेले की त्या प्लेट्स बाईंसाठी सिंकमध्ये कुकरखाली सोडू नका. प्लास्टिकच्या टबात तळाला जुना टॉवेल घाला, पाणी कोमट, एका वेळी एकच प्लेट. माझ्या तीन अशाच टिकल्यात. चौथीचे दोन तुकडे मी चिकटवले नाहीत, तसेच शेजारी शेजारी लंबगोल डिशखाली ठेवलेत.